आंघोळ रोज, साबण मोजका

मे महिन्यात पहूरला पारा चाळिशी ओलांडून वर चढला की सकाळ-संध्याकाळ आंघोळ होतेच, आणि होऊ द्यावी. त्वचेला त्रास होतो तो साबणाचा आणि कढत पाण्याचा. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू 5 च्या आसपास; साध्या साबणाच्या वडीचा 9 ते 10. रोज दोनदा अंगभर फेस केला तर त्वचेचा स्निग्ध थर धुपतो आणि हिवाळ्यात पोटऱ्यांवर पांढरे ओरखडे उठतात. त्यात बोअरचं जड पाणी असलं तर साबणाचा चिकट साका अंगावर राहतो तो वेगळाच.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले जिवाणू त्यातले घटक फोडतात, तेव्हा तो येतो. म्हणून काख, जांघा, पावलं इथे साबण पुरे; हात-पाठीला नुसतं पाणी चालतं.

कपाशीवर फवारणी करून आलेल्याला मात्र ही सूट नाही. कीटकनाशक कातडीतूनही शरीरात शिरतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. घरी येताच कपडे वेगळे टाकायचे आणि डोक्यावरून साबणाने आंघोळ करायची, चहा नंतर.

राहिला टॉवेल. गजकर्णाची बुरशी ओलसर जांघेत फोफावते आणि सामाईक टॉवेलवरून घरभर फिरते. ज्याला झालंय त्याचा पंचा निराळा, आणि तो उन्हात कडक वाळवलेला.