दोन्ही यंत्रं ठणठणीत, तरी जहाजं दिसेनात

मीरा रोडच्या शांती नगरमधून एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांचे मामा उत्तनचे नाखवा. होडीवर जीपीएसचा नकाशा दाखवणारा प्लॉटर आहे, आणि आसपासच्या जहाजांची ओळख रेडिओवरून पकडणारा एआयएसही. दुकानात दोन्ही यंत्रं ठणठणीत निघाली. होडीवर एकमेकांना जोडल्यावर मात्र पडद्यावर मामांची होडी तेवढी दिसते, मुंबईकडे जाणारं एकही जहाज दिसत नाही. ‘यातलं कोणतं यंत्र बदलायचं?’ असं त्यांनी विचारलं आहे.

बहुधा एकही नाही. बिघाड यंत्रांमध्ये नसून त्यांच्या बोलण्यात असावा.

होडीवरची यंत्रं ज्या बोलीत बोलतात तिचं नाव एनएमईए ०१८३. ही १९८३ची. हिच्यातल्या प्रत्येक निरोपाला अधिकृतपणे ‘वाक्य’च म्हणतात! वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचं, आणि शेवटी बेरजेचा पडताळा घ्यावा तसा दोन अक्षरांचा ताळा. ताळा जुळला नाही तर ऐकणारं यंत्र ते वाक्य मुकाट टाकून देतं. एका तारेवर बोलणारा एकच, ऐकणारे कितीही. बोलणारे दोघे एकाच तारेला बांधले, तर कुणाचंच धड ऐकू येत नाही.

या बोलीचा मूळ वेग सेकंदाला ४८०० बिट. एका अक्षराला पुढचा-मागचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं, म्हणजे पूर्ण लांबीची सहा वाक्यंही नाहीत. एकट्या होडीचा ठावठिकाणा सांगायला एवढं पुरतं. मुंबई बंदराच्या तोंडाशी डझनभर जहाजं असली की पुरत नाही. म्हणून एआयएस ३८,४०० बिटांनी बोलतो, बरोबर आठपट. प्लॉटरचं एआयएस जोडलेलं प्रवेशद्वार ४८००वरच ठेवलेलं असेल, तर त्याने एकदा डोळा उघडेपर्यंत समोरून आठ बिट निघून गेलेले असतात. एकाही वाक्याचा ताळा जुळत नाही आणि पडद्यावर एकही जहाज उमटत नाही. तेव्हा मामांनी सगळ्यात आधी सेटिंगमध्ये जाऊन हा आकडा बघावा. त्यानेही भागलं नाही, तर निरोपाच्या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. उलट्या जोडलेल्या तारा हा यातला नेहमीचा घोटाळा आहे.

एका निरोपाला दोन तारा कशाला? एका होडीत दोन माणसं समोरासमोर बसली आहेत. लाट आली की दोघंही सारखीच वर जातात, सारखीच खाली येतात, पण एकमेकांच्या नजरेत कुणीच हललेलं नसतं. ऐकणारं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढाच वाचतं. इंजिनाच्या डायनामोचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि फरकातून वजा होतो. तारांना एकमेकींभोवती पीळ दिला तर हा गोंगाट आणखी सारखा वाटला जातो. या पिळाचं पेटंट १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेलने घेतलं. टेलिफोनच्या प्रसिद्धीत हा पीळ झाकला गेला, याची मला फार हळहळ वाटते. आज जगभरच्या संगणकांच्या केबली त्याच पिळावर चालतात.

नव्या यंत्रांची बोली वेगळी, एनएमईए २०००. हिच्यात एकाच मुख्य केबलवर सगळे पाळीपाळीने बोलतात, सेकंदाला अडीच लाख बिटांनी. इथे केबलची दोन टोकं सांभाळावी लागतात. धक्क्याच्या भिंतीवर आपटलेली लाट उलटी फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेत मिसळून पाणी खवळतं. वाळूच्या उतारावर आलेली लाट तिथेच विरते. तारेतल्या विजेच्या लाटेचंही तसंच. म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक, म्हणजे वाळूचा उतार, बसवतात. वीज बंद करून निरोपाच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला, तर ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक रोधक गायब आहे, ४० दिसले तर कुणीतरी तिसरा बसवून ठेवला आहे. हजारोंच्या यंत्राची शंका अशी अर्ध्या मिनिटात फिटते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. उपग्रहामार्फत बोलणारं हे यंत्र इस्रोने विकसित केलेलं, आणि संकटात ते जीव वाचवू शकतं. पण उपग्रहाचं जेवढं कौतुक होतं, त्याच्या शतांशानेही केबिनमागच्या चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडाकडे कुणी बघत नाही. खारी हवा प्लास्टिकच्या आत शिरते आणि तांबं आधी काळं, मग हिरवं पडतं. अशा जोडात एकच ओहमचा अडथळा आला, तर तीन अँपिअर ओढणाऱ्या यंत्राचे बारातले तीन व्होल्ट तिथेच खर्च होतात. आपल्या आज्यांना हे तांबं ठाऊक होतं, म्हणून तर त्या भांड्यांना कल्हई लावून घेत. होडीसाठीही कल्हईची, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेली तार मिळते. तीच घ्यावी.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा हे सगळं निवांत तपासता येतं. व्होल्ट मात्र इंजिन सुरू करतानाच मोजावेत, कारण स्टार्टर फिरला की बॅटरी क्षणभर खचते आणि नेमकी तेव्हाच यंत्रं दम तोडतात. जोडणी जमली की नाही, हे बघायला समुद्रात जायचीही गरज नाही. अँटेना उभी करून प्लॉटर लावला, की उत्तनसमोरून जाणाऱ्या जहाजांचे त्रिकोण वाळूवरच्या होडीतही एकेक करून पडद्यावर उमटू लागतील.