चिरलेलें प्लॅस्टिकचें पिंप : सांधावें कीं टाकावें?

पूर्वी शेतकऱ्याच्या घरीं रांजण व पत्र्याचीं पिंपें असत. आतां बहुतेक ठिकाणीं त्यांची जागा प्लॅस्टिकच्या पिंपांनीं घेतली आहे. पत्र्यास भोंक पडलें तर डाख देतां येई. प्लॅस्टिक चिरल्यावर मात्र कोणी त्यावर डांबर फासतो, कोणी बाजारांतील चिकट लांबी थापतो, आणि थोड्याच दिवसांत पाणी पुन्हां पाझरूं लागतें. म्हणून या विषयाचा विचार वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

लांबी कां टिकत नाहीं, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. निळीं व काळीं पिंपें बहुधा पॉलिएथिलीन या द्रव्याचीं असतात. हें द्रव्य इंग्लंडांतील चेशायर परगण्यांत १९३३ सालीं प्रथम हातीं आलें. पुढें १९५३ सालीं कार्ल त्सीग्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें तें कमी दाबाखालीं तयार करण्याची रीत शोधली व त्याचा कठीण प्रकार सुलभ झाला. याचा पृष्ठभाग अळवाच्या पानासारखा आहे. पान जसें पाण्यास धरीत नाहीं, तसें हें कोणत्याही चिकट पदार्थास धरीत नाहीं. मात्र तें सुमारें १३० अंश सेंटिग्रेडवर वितळतें व निवल्यावर पुन्हां घट्ट होतें. तेव्हां तें चिकटवावयाचें नसून वितळवून सांधावयाचें असतें.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी पिंपाचा पंचनामा करावा. त्यांत काय सांठविलें होतें, पुढें काय सांठवावयाचें आहे, आणि प्लॅस्टिकांत अद्याप जीव आहे कीं नाहीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें आधीं मिळविलीं पाहिजेत.

पिंपांत कीटकनाशक, रॉकेल, पेट्रोल किंवा रंगाचें द्रावण असेल, तर त्यास उष्णता लावूं नये. रिकाम्या पिंपांतही वाफ कोंडलेली असते व ती पेट घेते. कीटकनाशकाचें पिंप तर कितीही धुतलें तरी पाण्यास अगर धान्यास वापरूं नये. प्लॅस्टिक तें विष शोषून घेतें. पाठीवरील फवारणीपंपाची टाकी चिरली असेल तर ती सरळ बदलावी. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. टाकीची किंमत माणसाच्या जिवापुढें कांहींच नाहीं.

ज्या भांड्यांत दाब राहतो तेंही सांधूं नये. इंग्लंडांत लोक घरीं केलेली बीअर प्लॅस्टिकच्या बंद पिंपांत ठेवतात. त्यांत कर्बवायूचा दाब असतो. अशा पिंपाचा तळ ३० सेंटिमीटर व्यासाचा व दाब दर चौरस सेंटिमीटरास अवघा अर्धा किलो धरला, तरी तळावर एकंदर साडेतीन क्विंटल भार येतो. सांधा तेथें केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं. उलट ९० सेंटिमीटर उंचीच्या उघड्या पिंपांत पाण्याचा दाब तळाशीं दर चौरस सेंटिमीटरास किलोच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. म्हणूनच पाण्याचें पिंप सांधतां येतें. जीवामृत आंबतांनाही वायु सुटतो. यास्तव त्याच्या पिंपावर घट्ट झांकण न लावतां गोणपाट बांधावें.

उन्हानें प्लॅस्टिक मरतें. पिंपावर पांढरी भुकटी येत असेल, किंवा काठाची बारीक ढलपी वांकविल्याबरोबर कट्‌कन मोडत असेल, तर सांध्याशेजारीं नवी चीर पडेल. असें पिंप भंगारांत घालणेंच बरें.

पिंप दुरुस्तीयोग्य ठरलें म्हणजे तळाशीं त्रिकोणांतील आंकडा पाहावा. २ हा आंकडा कठीण पॉलिएथिलीनचा, ५ हा पॉलिप्रॉपिलीनचा व ३ हा पीव्हीसीचा होय. भरावयाची पट्टी त्याच आंकड्याच्या मोडक्या पिंपांतून कापून घ्यावी. भिन्न जातींचें प्लॅस्टिक एकजीव होत नाहीं.

मग पिंप साबणानें धुऊन पूर्ण वाळवावें. चिरेच्या दोन्ही टोकांस गिरमिटानें सुमारें ३ मिलिमीटरचें छिद्र पाडावें. यानें चीर पुढें धांवत नाहीं. हें छिद्र टाळल्यास बाकीची मेहनत व्यर्थ जाते. नंतर चिरेवर बाहेरून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खांच करावी. ती जाडीच्या दोनतृतीयांश खोल असावी. भोंवतालचा भाग पातीनें खरवडून ताजा करावा. डाख देण्याच्या विजेच्या सळईनें खांचेच्या दोन्ही कडा व पट्टी एकदमच मऊ करून पट्टी खांचेंत दाबीत जावें. छिद्रेंही भरावीं. धूर निघूं लागला तर उष्णता फार झाली असें समजावें. जळालेलें प्लॅस्टिक टिकत नाहीं. काम मोकळ्या हवेंत करावें. बाहेरची बाजू निवल्यावर आंतूनही असाच सांधा द्यावा. पाणी ओतून सांधा एकाएकीं निववूं नये.

दुसऱ्या दिवशीं पिंप सपाट जागीं ठेवून निम्मे भरावें. गळत नसेल तर पूर्ण भरून चोवीस तास ठेवावें. बाहेरून कोरडी राख फासली असतां बारीक पाझरही ओल्या रेषेनें दिसून येतो.

अखेर एक सूचना. पुष्कळ पिंपें बुडाखालील एखाद्या दगडानें व उघड्या उन्हानें चिरतात. २०० लिटर पाण्याचा भार दोन क्विंटल होतो. तो सर्व एका टोकावर आला तर कोणतें पिंप टिकेल? खालीं वाळूची सारखी बैठक व वर सावली एवढी तजवीज ठेवल्यास सळई तापविण्याचा प्रसंग क्वचितच येईल.