उरलेल्या जागेचा फोटो

जुना फोटो नेमका कुठून घेतला ते शोधायचं असेल तर आधी लेन्सचा विचार करायचा नाही, पायांचा करायचा. फोटोत जवळची एक कड निवडायची आणि लांबची एक. जुन्या छापात जवळची कड लांबचीला जिथे झाकते तिथेच ती आपल्यालाही झाकताना दिसली पाहिजे, तोवर डावीउजवीकडे सरकत राहायचं. ते जुळलं की पुढेमागे, मग कॅमेऱ्याची उंची, आणि लेन्स सगळ्यांत शेवटी. लेन्सने चौकट लहानमोठी होते, वस्तूंचं आपसातलं नातं बदलत नाही. ते फक्त आपण कुठे उभे आहोत यावर ठरतं.

लखनौच्या आलमबागेत ही रीत अडखळते, कारण लांबचं काही शिल्लकच नाही. कानपूर रस्त्यावर 2017पासून डोक्यावरून मेट्रो धावते, खाली ई-रिक्षांची रांग असते, आणि चंदर नगरच्या बाजारात शिरल्यावर दुकानांच्या पाट्या, ताडपत्र्या आणि विजेच्या तारांच्या गुंत्यात तो जुना दरवाजा उभा आहे. फाळणीनंतर पंजाबातून, सिंधमधून आलेली कुटुंबं या भागात वसली आणि बागेची वस्ती झाली. माझ्या हातातल्या छापात दरवाज्याभोवती मोकळी जमीन आहे. आता जुळवायला उरला तो फक्त दरवाजाच. पण कमानीला जाडी असते हे नशीब. तिची पुढची कड मागच्या कडेला किती झाकते, एवढ्यावरून उभं राहण्याचा कोन सापडतो.

माझा कोन एका दुकानाच्या पायरीवर आला. मालकांनी विचारलं, “भाईसाहब, किसका फोटो ले रहे हैं? गेट का? इसमें रखा क्या है?” प्रश्न रास्त होता. मी छाप दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “इसमें तो कोई है ही नहीं.” मग नोकराकडून पायरीवरचे खोके बाजूला करवून घेतले. लखनवी अदब आता राहिली नाही असं लखनौचे लोकच सांगतात, पण ट्रायपॉडला जागा मिळाली.

आलमबाग नवाब वाजिद अली शाहांनी आपल्या बेगमसाठी बांधली. तिचं नाव आलम आरा. मधोमध कोठी, भोवती उंच भिंतीतली बाग. कानपूरहून लखनौत शिरायच्या वाटेवरच असल्यामुळे 1857च्या बंडात तिचा किल्ला झाला. सप्टेंबरात इंग्रज सेनानी हॅवलॉकच्या फौजेने ती घेतली. नोव्हेंबरात हॅवलॉक आजाराने मेला, त्याला इथेच पुरलं. पुढे मार्च 1858पर्यंत आउट्रम काही हजार सैनिक घेऊन इथे तग धरून होता, आणि मौलवी अहमदउल्ला शाह यांच्यासह बंडवाल्यांच्या फौजा पुन्हा पुन्हा चालून येत होत्या. यांतल्या एकाही हल्ल्याचा फोटो नाही. असूही शकत नव्हता, पळणारा माणूस त्या काळच्या काचेवर उमटतच नसे.

शहर पडल्यावर, 1858च्या वसंतात, माझ्या हातातला छाप ज्याचा तो फोटोग्राफर फेलिचे बिआटो लखनौत पोचला. मूळचा व्हेनिसचा, क्रिमियाच्या युद्धातले फोटो घेऊन आलेला, फेब्रुवारीत कलकत्त्याला उतरलेला. त्याच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. तेव्हा बहुतेक फोटोग्राफर ओल्या कोलोडियनवर काम करत: काचेवर द्रव ओतायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. म्हणजे काळोखाचा तंबू सतत बरोबर. उत्तर हिंदुस्थानच्या उन्हात तो द्रव किती भराभर सुकत असेल याची कल्पना करा. बिआटोने पुढे 1886मध्ये लंडनच्या फोटोग्राफरांसमोर सांगितलं की तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या कोरड्या काचा वापरत असे. त्या आधी करून ठेवता येतात, पण फार मंद असतात. गॅलिक आम्लाच्या संपृक्त द्रावणात काच तासन्‌तास ठेवून आपण तीन तासांचं एक्स्पोजर चार सेकंदांवर आणलं, असा त्याचा दावा होता. मला त्यात थोडी बढाई वाटते. पण चार सेकंद धरले तरी चालता माणूस धूसर होतो किंवा पुसलाच जातो. टिकतं ते स्थिर उभं राहिलेलं.

बिआटोच्या सगळ्यांत प्रसिद्ध फोटोत हेच दिसतं. सिकंदरबागेत नोव्हेंबर 1857मध्ये सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या 93व्या हायलँडर्सनी आणि चौथ्या पंजाब पलटणीने सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई मारले. बिआटो तिथे गेला तो चार-पाच महिन्यांनी. फोटोत गोळ्यांनी फुटलेली इमारत आहे, तिच्यासमोर काही हिंदुस्थानी माणसं आणि एक घोडा, आणि अंगणभर कवट्या नि हाडं. सर जॉर्ज कॅम्पबेल हा मुलकी अधिकारी तेव्हा लखनौत होता. त्याने आठवणींत लिहून ठेवलं आहे की प्रेतं झाकून टाकली होती, फोटोग्राफरने हट्टाने ती पुन्हा उघडी करवली. दोन वर्षांनी चीनमधल्या ताकू किल्ल्यावरही बिआटोने मृतदेहांचे फोटो काढले. तिथल्या एका सैनिकी डॉक्टराने नोंदवलं आहे की प्रेतांचा एक समूह बिआटोला फार सुंदर वाटला आणि आपला फोटो होईपर्यंत कुणी तो हलवू नये अशी त्याने गळ घातली.

याला लबाडी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला त्यात आधी धंद्यातली अडचण दिसते. घटना होऊन गेली, गिऱ्हाईक ती पाहायला मागतं, आणि समोर आहे एक पडकी इमारत. मग बिआटोने हाडं वर आणली आणि माणसं उभी केली. पण ही सोय त्याने कुणाच्या बाबतीत केली तेही पाहायला हवं. हाडं बंडवाल्यांची. मेलेल्या गोऱ्यांच्या वाट्याला या चित्रमालेत असं उघडं अंगण आलेलं नाही. ज्यांची हाडं उकरली त्यांच्या घरचं कुणी ‘नको’ म्हणायला तिथे नव्हतं.

त्याहून जास्त मला छळतात ते त्याचे हाडं नसलेले फोटो. इमारतींवर चढून, काचेला काच जोडून त्याने शहराची लांबलचक दृश्यं घेतली. त्यांत छत्र्या आहेत, मिनार आहेत, कैसरबाग आहे, पण माणूस जवळजवळ नाही. आता हे शहर रिकामं का? काच मंद होती म्हणून चालणारे पुसले गेले, हे एक उत्तर. दुसरं उत्तर इतिहासाचं: लखनौ पडल्यावर तिथली बहुतेक वस्ती पळून गेली होती. त्याच वर्षी इंग्रज अधिकारी रॉबर्ट नेपियरने शहर कह्यात ठेवण्याचा आराखडा केला, दाट मोहल्ल्यांतून रुंद लष्करी रस्ते काढले, आणि वीणा तलवार ओल्डनबर्ग यांच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे शहराचा दोन पंचमांशाच्या आसपास भाग पाडला गेला. म्हणजे पळालेला माणूस आणि चालणारा माणूस, दोघेही काचेवर सारखेच अदृश्य. फोटो कितीही निरखला तरी कोण कुठला ते कळत नाही.

आणि लखनौत फोटो काढणारे आधी नव्हतेच असंही नाही. अहमद अली खान, लोकांचे छोटे मियाँ, यांनी 1857पूर्वी बेगमांचे, दरबारी लोकांचे, इंग्रज कुटुंबांचे फोटो काढले. त्यातले कित्येक इंग्रज पुढे लखनौच्या वेढ्यात मेले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854मध्येच निघाली होती आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. एकदा वाटतं, यांच्यापैकी कुणी एप्रिल 1858मध्ये झाशीला असता तर? पण तिथे होते वरसईचे विष्णुभट गोडसे, हातात काही नसलेले, लपून बसलेले. बिआटो लखनौत काचा धूत होता त्याच दिवसांत त्यांनी इंग्रजांनी केलेली झाशीची कत्तल पाहिली. ती लिहिली पंचवीसेक वर्षांनी, आणि छापून आली 1907मध्ये. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये गल्ल्या ओस आहेत तर त्या का ओस आहेत हे कळतं. लोक कुठे दडले, कुठून बाहेर आले, मेलेल्यांचं काय झालं, वास कसा सुटला होता, सगळं आहे. इथे मी फोटोग्राफर असून भटजींच्या बाजूचा आहे.

चंदर नगरात माझी अडचण बिआटोच्या उलटी होती. त्याला माणसं मिळत नव्हती, मला ती टाळता येत नव्हती. जुन्या छापाशी जोडी जमवायची तर दरवाजा मोकळा हवा. त्यावर इलाज आहे: लेन्सवर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर लावायचा. ही काळी काच प्रकाश हजारेक पटीने कमी करते. सकाळच्या सावलीत सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात होणारा फोटो मग मिनिटाच्या पुढे जातो. तेवढ्या वेळात स्कूटर, भाजीवाला, शाळेला निघालेली पोरं, सगळं विरून जातं. पडद्यावर दरवाजा आला तो 1858सारखाच एकटा. राहिले फक्त दुकानाचे मालक. ते मघापासून हलले नव्हते, त्यामुळे स्पष्ट उमटले.

मालकांना मी दोन्ही फोटो दाखवले, गर्दीचा आणि बिनगर्दीचा. बिनगर्दीचा पाहून ते म्हणाले, “अरे, ये तो कर्फ्यू लगा दिया आपने.” त्यांना गर्दीचा हवा होता. त्यात त्यांची पाटी नीट वाचता येत होती, आणि फोनवर पाठवायचा तर तोच पाठवा असं त्यांनी बजावलं.

जोडीसाठी मी बिनगर्दीचाच ठेवला, कारण जुन्या छापाशी तोच जुळतो. पण त्याखालची ओळ लांबली. ठिकाण आणि तारखेनंतर एक्स्पोजर किती होतं ते लिहिलं, आणि त्या मिनिटात तिथून भर बाजार वाहत होता हेही. संपादकांनी फोन करून विचारलं की ओळ थोडी कापली तर चालेल का. तारीख कापा म्हटलं.