वैनगंगेचा वाघ आणि मराठी आवाज

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना कारध्याच्या पुलावर जो क्षणभर थांबतो, त्याला वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र दिसते. परंतु या नदीचे नाव सातासमुद्रांपलीकडील मुलांनी भूगोलाचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच एका गोष्टीत वाचलेले असते, हे आपल्या जिल्ह्यात फार थोड्यांच्या ध्यानी आलेले आहे. रड्यर्ड किपलिंगचे ‘द जंगल बुक’ १८९४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील शेरखान नावाच्या वाघाचा मूळ मुक्काम वैनगंगेच्या काठी आहे. आणि गावच्या म्हशी राखणारा मोगली दोन्ही बाजूंनी कळप घालून ज्या कोरड्या घळीत त्याला तुडवून मारतो, ती घळही वैनगंगेचीच आहे.

कथेचे अरण्य सिवनीचे. आज सिवनी मध्यप्रदेशात आणि भंडारा महाराष्ट्रात, म्हणून आपण तो मुलूख परका मानतो. पण एके काळी दोन्ही प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते, पुढे मध्यप्रांताच्या एकाच दप्तरात त्यांची नोंद राहिली, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मध्ये सरहद्द आखली. नदीने ती सरहद्द मानलेली नाही. सिवनी जिल्ह्यातील मुंडारा या गावी उगम पावून, बालाघाटचा मुलूख ओलांडून, तुमसर, भंडारा आणि पवनी या तालुक्यांना स्पर्श करीत ती दक्षिणेस जाते.

या कथेवर निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ साली बावन्न भागांची चित्रमालिका काढली, आणि १९९३ मध्ये दूरदर्शनने तिचा हिंदी अवतार रविवारी सकाळी दाखविण्यास प्रारंभ केला. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांचे संगीत लाभलेले तिचे शीर्षकगीत घराघरांत पोहोचले. ज्या घरी दूरचित्रवाणी संच होता त्या घरी आळीतील मुले दाटीवाटीने बसत, आणि पडद्यावर शेरखान अवतरला की ओसरीवरची कुजबुज थांबे. तो धाक नुसत्या चित्राचा नव्हता. त्या चित्राला नाना पाटेकरांनी आवाज दिला होता.

१ जानेवारी १९५१ रोजी मुरुड-जंजिऱ्यास जन्मलेल्या या नटाने मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिक्षण घेतले. योगायोग असा की, किपलिंगचा जन्मही १८६५ साली जे. जे.च्याच आवारात झाला होता. त्याचे वडील तेथे अध्यापक होते. मोगलीचा जनक आणि शेरखानाचा आवाज, दोघेही असे एकाच अंगणातले. पाटेकरांची जडणघडण मराठी रंगभूमीवर झाली. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकातील सत्तेने माजलेला गुलाबराव त्यांनी असा उभा केला की, ती भूमिका त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. ‘गमन’पासून चित्रपटांत उमेदवारी सुरू झाली, ‘अंकुश’ने ओळख दिली, ‘परिंदा’, ‘क्रांतिवीर’ आणि ‘अग्निसाक्षी’ या चित्रपटांनी राष्ट्रीय पुरस्कार दिले. शेरखानाचे काम ‘प्रहार’ आणि ‘क्रांतिवीर’ यांच्या मधल्या, म्हणजे ऐन भराच्या काळातले आहे.

रंगमंचावरील नटाला डोळे, हात, चाल, प्रकाश आणि समोरच्या प्रेक्षकाचा श्वास एवढे साहाय्य असते. चित्राला आवाज देणाऱ्याचे हे सर्व काढून घेतलेले असते. जपानी संवादांवर बेतलेली जबड्याची उघडझाप आधीच ठरलेली. तिच्या मापात हिंदी वाक्य बसवायचे आणि तरीही ते वाघाच्या पोटातून आल्यासारखे वाटले पाहिजे, अशी ही कसोटी आहे. त्यात किपलिंगचा शेरखान जन्मतः एका पायाने अधू. त्याची आईच त्याला लंगडा म्हणे, आणि त्या अधूपणामुळे तो गुराढोरांवर जगतो. पाटेकरांच्या आवाजातील दबा धरून बसलेली शांतता आणि तिच्यातून अकस्मात फुटणारा संताप या स्वभावाशी इतका जुळला की, मुलांना भीतीबरोबर त्या जनावराची जखमही कळली. मैत्रीचे मोल तिच्यावर आलेल्या संकटाने ठरते. बाळू अस्वल, बघीरा बिबट्या आणि अकेला लांडगा यांचा मोगलीवरील लोभ आपल्याला खरा वाटतो, याचे पुष्कळसे श्रेय त्या संकटाला लाभलेल्या आवाजाकडे जाते.

पुढे २०१६ च्या जानेवारीत त्यांनी ‘नटसम्राट’ चित्रपटात गणपतराव बेलवलकर साकारला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आलेल्या नव्या ‘जंगल बुक’च्या हिंदी आवृत्तीत ते पुनश्च शेरखान झाले. वृद्ध नटाचे आर्त स्वगत आणि वाघाची गुरगुर एकाच कंठातून एका वर्षात ऐकावयास मिळावी, यात चाळीस वर्षांच्या साधनेचा दाखला आहे.

आपल्याकडे दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात, गुरे सजविली जातात, आणि पाठोपाठ गावोगावच्या मंडईत दंडार रंगते. गुरे राखणारा मुलगा, त्याचा कळप आणि रानातील वाघ हे त्रिकूट या मुलखाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. कोका अभयारण्यात आणि पवनीच्या रानात आजही वाघाचा वावर आहे, आणि गोठ्यातील जनावर गमावलेल्या शेतकऱ्याचे दुःखही तितकेच खरे आहे. म्हणूनच मनुष्य आणि वनचर यांच्या सख्याची ही कथा इतर कोठल्याही मुलांपेक्षा आमच्या मुलांना अधिक जवळची आहे.

एवढ्यासाठी भंडारा जिल्ह्यातील शिक्षकांस आणि पालकांस विनंती आहे. या सुटीत मुलांना वैनगंगेच्या घाटावर न्यावे, मोगलीची गोष्ट तेथे बसून सांगावी, आणि तिच्यातली नदी ती हीच, हे त्यांना बोटाने दाखवावे.