पंडित वि. गो. जोग यांचे व्हायोलिनवादन

व्हायोलिन हे वाद्य युरोपातून भारतात आले. कर्नाटक संगीताने ते एकोणिसाव्या शतकातच आपलेसे केले. हिंदुस्थानी मैफलीत मात्र ते दीर्घकाळ साथीचेच वाद्य राहिले. त्याला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून देणाऱ्यांत विष्णू गोविंद जोग (१९२२–२००४) हे अग्रगण्य होत.

जोगांचा जन्म मुंबईचा. श्री. ना. रातंजनकर आणि अल्लाउद्दीन खाँ यांची तालीम त्यांना लाभली. पुढे आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर त्यांनी काम केले. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

युरोपीय वादक व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. भारतीय वादक मांडी घालून बसतो व वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवतो. त्यामुळे डाव्या हातावर वाद्याचा भार राहत नाही आणि बोटे तारेवरून मोकळेपणाने सरकतात. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसल्याने मींड अखंड निघते. गळ्याचे अनुकरण करण्यास एवढे पुरेसे होते. पण जोग तेवढ्यावर थांबले नाहीत. गजाच्या तुटक, वेगवान आघातांनी त्यांनी तबल्याशी लयीचा खेळ मांडला.

बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबरची त्यांची जुगलबंदी विशेष गाजली. एकीकडे फुंक, दुसरीकडे गज; दोन्हींचा नाद न तुटणारा, म्हणूनच कदाचित ही जोडी इतकी जुळली असावी.

परदेशांतही जोगांच्या मैफली झाल्या. तेथील श्रोत्यांना वाद्य घरचे होते. त्यातून उमटणारा राग मात्र नवा होता.