एका संघाचा अपयशी मोसम: योगायोग किती आणि दोष किती?

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गालगत, पिंपरी-चिंचवडच्या शेजारी, मावळ तालुक्यातील गहुंजे या गावी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान आहे. २०१२ च्या एप्रिल महिन्यात या मैदानावर इंडियन प्रीमियर लीगचे सामने प्रथमच खेळले गेले. 'पुणे वॉरियर्स' हा यजमान संघ पहिल्या सात सामन्यांपैकी चार जिंकून बसला होता. त्यानंतर मात्र उरलेले नऊच्या नऊ सामने तो हरला आणि नऊ संघांच्या यादीत शेवटच्या स्थानी गेला. सोळा सामने, चार विजय, बारा पराभव, असा त्या मोसमाचा हिशेब आहे.

असा निकाल लागला म्हणजे कारणांचा शोध सुरू होतो. संघनायक सौरव गांगुली यांच्या वयाकडे कोणी बोट दाखविले, कोणी फलंदाजीच्या संथपणाकडे, तर कोणी मालकांच्या धोरणाकडे. ही कारणे खोटीच होती असे म्हणावयाचे नाही. परंतु कारण सांगण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा, तो बहुधा कोणी विचारीत नाही: कारण शोधावे इतका हा निकाल असाधारण होता काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे संख्याशास्त्रीय उत्तर कसे काढावयाचे ते पाहू.

प्रथम एक गृहीत धरू. सर्व संघ तुल्यबळ आहेत, प्रत्येक सामन्यात विजयाची संभाव्यता निम्मी आहे आणि एका सामन्याच्या निकालाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. हे गृहीत वस्तुस्थितीचे वर्णन नव्हे, तर मोजण्यासाठी घेतलेला गज आहे. सोळा सामन्यांचे निकाल ६५,५३६ प्रकारांनी लागू शकतात. त्यांपैकी चार किंवा त्याहून कमी विजयांचे प्रकार २,५१७ भरतात. म्हणजे तुल्यबळ संघावरही असा मोसम ओढवण्याची संभाव्यता शेकडा ३.८ आहे. हे प्रमाण अल्प खरे, परंतु स्पर्धेत संघ नऊ होते. नवांपैकी कोणत्या तरी एका संघाची अशी अवस्था होण्याची संभाव्यता स्थूलमानाने शेकडा तीस येते. कोणी तरी शेवटचा येणारच, आणि जो येतो त्याच्याकडेच आपण वळून पाहतो. पाहण्यापूर्वी निवड झालेली असते, हे आपल्या ध्यानी येत नाही.

आता सलग नऊ पराभवांचा विचार करू. नाणेफेकीत नऊ वेळा ओळीने काटा पडण्याची संभाव्यता ५१२ त एक आहे, आणि या हिशेबावरून ही मालिका अद्भुत वाटते. परंतु बारा पराभव झाले हे एकदा मान्य केले की प्रश्न बदलतो. चार विजय आणि बारा पराभव यांच्या मांडण्या एकूण १,८२० होतात. त्यांपैकी १७५ मांडण्यांत नऊ किंवा अधिक पराभव सलग येतात, म्हणजे जवळजवळ दहांत एक. पराभव पुष्कळ असले की त्यांचे पुंजके पडणे स्वाभाविक आहे. 'संघाने कच खाल्ली' हे वाक्य लिहिण्यास एवढा आधार पुरेसा नाही.

या मालिकेतील दोन सामने मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. ३ मे रोजी गहुंजे येथे मुंबई इंडियन्सने १२० धावा केल्या आणि पुण्याचा डाव ११९ धावांवर थांबला. दोनच दिवसांनी कोलकाता येथे पुण्याचा संघ सात धावांनी हरला. हे दोन निकाल उलटे लागले असते तर हिशेब सहा विजय व दहा पराभव असा झाला असता आणि पराभवांची सर्वांत लांब मालिका चारांची राहिली असती. सहा किंवा कमी विजयांची संभाव्यता शेकडा २३ आहे. अशा मोसमाची चर्चा चार दिवसांत विरून गेली असती. खेळाडू तेच, संघनायक तोच; फरक काय तो आठ-नऊ धावांचा.

या विचारपद्धतीचा उगम क्रीडांगणात नाही, कारखान्यात आहे. १९२४ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर श्यूहार्ट यांनी नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. कोणत्याही यंत्रावर घडणाऱ्या मालात थोडाफार चढउतार असतोच. त्यातील काही यदृच्छेने होतो, तर काही विशिष्ट व शोधून काढता येण्याजोग्या कारणाने. सरासरीच्या दोन्ही बाजूंस तीन प्रमाण विचलनांच्या अंतरावर रेषा आखाव्यात. बिंदू रेषांच्या आत असेल तर एका बिंदूवरून कारण शोधीत बसू नये. बाहेर गेला तर अवश्य शोधावे. प्रा. महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून श्यूहार्ट १९४७-४८ साली भारतात येऊन गेले आणि येथील गुणवत्ता-नियंत्रणाच्या चळवळीस चालना मिळाली. पिंपरी, भोसरी, आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या वाहन-उद्योगात हे आलेख आज नित्याचे झाले आहेत.

हाच आलेख आपल्या संघास लावून पाहू. सोळा सामन्यांत अपेक्षित विजय आठ, प्रमाण विचलन दोन. नियंत्रण-रेषा दोन विजयांवर व चौदा विजयांवर पडतात. चार विजयांचा बिंदू या रेषांच्या आत आहे. तो इशारा देण्याइतका खाली आहे, निर्णय देण्याइतका नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये तर मोसमाचे नियमित सामने सुमारे बाराच असतात. तुल्यबळ संघासही तेथे तीन किंवा कमी विजय मिळण्याची संभाव्यता शेकडा सात आहे. तरीही अशा एका मोसमावरून प्रशिक्षकांना निरोप दिला जातो.

मग पुणे वॉरियर्समध्ये दोष नव्हताच काय? येथे घाईने दुसऱ्या टोकास जाणेही चूक ठरेल. पुरावा वाढविला की चित्र पालटते. २०११ मध्ये या संघाने चौदांपैकी चार सामने जिंकले, नऊ हरले व एक अनिर्णित राहिला. २०१३ मध्ये पुन्हा सोळांपैकी चारच विजय मिळाले. तीन मोसमांत निकाली ठरलेले सामने ४५, विजय १२. अपेक्षित विजय २२.५ आणि प्रमाण विचलन ३.३५, म्हणजे संघ अपेक्षेहून तीन प्रमाण विचलने खाली होता. योगायोगाने असे घडण्याची संभाव्यता हजारांत एक-दोन इतकीच उरते. एका मोसमाने जे सिद्ध होत नव्हते ते तीन मोसमांच्या बेरजेने दिसू लागते. कारणांचा शोध येथे सार्थ ठरतो.

तो घेताना नोंदलेल्या घटना उपयोगी पडतात. २०११ चे संघनायक युवराजसिंग २०१२ मध्ये कर्करोगावरील उपचारांमुळे खेळू शकले नाहीत. मंडळाशी झालेल्या वादामुळे फेब्रुवारी २०१२ च्या लिलावात संघाने भागच घेतला नाही, त्यामुळे ती उणीव तेथे भरून काढता आली नाही. २०१३ मध्ये अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर व अॅरन फिंच अशा तिघांनी नेतृत्व केले. त्याच वर्षी मालकांनी माघार घेतली आणि संघ संपुष्टात आला. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे ४५ सामन्यांवरून ठरविता येणार नाही. मात्र दोष एका व्यक्तीपेक्षा संघाच्या बांधणीत व व्यवस्थेत शोधावा, असे तीन मोसमांतील सातत्य सुचविते. कारण संघनायक बदलत गेले आणि विजयांचा आकडा मात्र चारच राहिला.

याच्या उलट उदाहरणही पुण्याचेच आहे. रायझिंग पुणे सुपरजायंट्स या संघाने २०१६ मध्ये चौदांपैकी पाच सामने जिंकले. पुढील वर्षी धोनी यांच्या जागी स्टीव्हन स्मिथ संघनायक झाले आणि साखळीत चौदांपैकी नऊ विजय मिळाले. अंतिम सामना संघाने एका धावेने गमावला. श्रेय अर्थात नेतृत्वबदलास मिळाले. परंतु पाच आणि नऊ हे दोन्ही आकडे सातच्या अपेक्षेपासून सारख्याच, दोन विजयांच्या अंतरावर आहेत. अशा दोन मोसमांतील फरकाचे प्रमाण विचलन सुमारे २.६ येते आणि प्रत्यक्ष फरक चार होता, म्हणजे त्याच्या दीडपट. नेतृत्वाचा गुण नाकारता येत नाही, परंतु या आकड्यांनी तो सिद्धही होत नाही. वाईट मोसमानंतरचा मोसम काही न करताही बहुधा बरा निघतो, कारण दुर्दैवाचा भाग पुन्हा तितकाच येत नाही.

खेळात या गफलतीची किंमत एखाद्या संघनायकाचे पद एवढीच असते. कारखान्यात ती रोजगाराची असते. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग आपल्या व्याख्यानांत एक प्रयोग करून दाखवीत. पेटीत पांढरे व तांबडे मणी. त्यांत तांबडे शेकडा वीस. 'कामगारां'नी पन्नास खाचांची फळी आत बुडवून बाहेर काढावयाची. तांबडा मणी म्हणजे सदोष माल. प्रत्येकास सरासरी दहा तांबडे मणी यावयाचे, आणि तीनचा चढउतार सहज व्हावयाचा. तरीही ज्याला सात आले त्याची पाठ थोपटली जाई आणि ज्याला तेरा आले त्याची कानउघाडणी होई. वस्तुतः मण्यांचे प्रमाण ठरविणे कोणाच्याही हाती नव्हते. एखाद्या पाळीत सदोष नगांची संख्या वाढली म्हणून त्या दिवशीच्या हंगामी कामगारास कामावरून कमी करताना पर्यवेक्षकाने हा प्रयोग आठवावा.

चुका दोन प्रकारच्या संभवतात. योगायोगास दोष मानणे ही पहिली. खऱ्या दोषास योगायोग म्हणून सोडून देणे ही दुसरी. पहिलीत निरपराध माणूस भरडला जातो, दुसरीत बिघाड तसाच चालू राहतो. दोन्ही टाळण्याचा उपाय एकच, तो म्हणजे निर्णयापूर्वी अपेक्षित चढउतार मोजणे आणि पुरेसे निकाल हाती येईपर्यंत थांबणे. पुणे वॉरियर्सच्या बाबतीत मे २०१२ मध्ये प्रामाणिक उत्तर 'अद्याप सांगता येत नाही' हे होते. मे २०१३ मध्ये ते देता येऊ लागले, आणि तोपर्यंत संघच उरला नव्हता.