उताणी झोप

संध्याकाळचे ७.३०
डोंबिवलीतल्या त्या घराच्या जिन्यात छत्री झटकते, चपला बाहेर काढते आणि आत गेल्याबरोबर कोपरापर्यंत हात धुते. घरी जाऊन रुग्णांची देखभाल करणारी मी नर्स, आणि बहुतेक रात्रपाळ्याच घेते. सध्याचा पेशंट पंचविशीतला ट्रान्स पुरुष आहे. छातीचं ऑपरेशन, ज्याला ही मुलं टॉप सर्जरी म्हणतात, होऊन त्याला आठवडाही झालेला नाही. मी त्याला दादा म्हणते, तो मला सिस्टर. दिवसा त्याच्या आई बघतात, रात्र माझी.

आधी आईंकडून वही घेते. औषधं, ताप, लघवी-शौच आणि ड्रेन असे रकाने आखलेले असतात. दोन्ही काखांच्या खालून एकेक बारीक नळी बाहेर आलेली आहे आणि तिच्या टोकाला मुठीत मावेल असा मऊ बल्ब आहे. रिकामा बल्ब चेपून झाकण लावलं की तो पुन्हा फुगू पाहतो आणि त्या ओढीनं जखमेत साचणारं पाणी बाहेर येतं. डावं-उजवं वेगळं मोजायचं. चोवीस तासांत एका बाजूचं साधारण २० ते ३० मिलिलिटरच्या खाली आलं की सर्जन नळी काढायचं ठरवतात. काही सर्जन ड्रेन लावतच नाहीत. लाल पाण्याचा रंग आता पिवळट गुलाबी झालाय, ते चांगलं आहे. पण आकड्यांच्याही आधी मी बघते ते दोन्ही बाजू सारख्या दिसतात का. एक बाजू अचानक टणक होऊन फुगली किंवा बल्ब भराभर लाल रक्तानं भरू लागला, तर आत रक्त साचतंय असं समजायचं आणि सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. पहिल्या एक-दोन दिवसांतला हा धोका आता बराच ओसरलाय, तरी बघायचं सोडायचं नाही.

८.३०
जेवण. मऊ मुगाची खिचडी, वर तूप, वाटीभर दही, एक उकडलेलं अंडं. ट्रॅमॅडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी पोट बांधून राहतं आणि कुंथताना ताण छातीपर्यंत जातो, म्हणून रात्री कोमट पाण्यातून इसबगोल. रात्रीच्या झोपेची तयारी माझ्या लेखी इथूनच सुरू होते. पोट साफ नसलेला माणूस कितीही उशा दिल्या तरी तळमळतो.

९.३०
आता मुख्य काम, अंथरूण.

दादानं सांगितलं होतं की वयात आल्यापासून तो पालथा किंवा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचा. दिवसभर छातीला बाइंडर, म्हणजे छाती सपाट दाबून ठेवणारा घट्ट कपडा. तो लावून झोपू नये असं सगळे सांगतात, बरगड्यांना आणि श्वासाला त्रास होतो, म्हणून रात्री काढावाच लागायचा. मग अंधारात त्याला नको असलेली छाती तेवढी उरायची आणि तिच्यावर पालथं पडणं हा एकच उपाय असायचा. अशी सवय ज्याच्या अंगात मुरलीय त्याला आता काही आठवडे उताणं, छाती वर करून झोपायचंय. शरीराला हे नवीन आहे. टाक्यांइतकंच हेही त्याला जागं ठेवतं, असं मला याच्यासारख्या पेशंटांकडे बघून वाटतं.

पालथं का नाही, हेही मी त्याला पहिल्याच रात्री समजावलं. त्याचं ऑपरेशन ज्या पद्धतीनं झालं तिच्यात स्तनाग्रं पूर्ण सुटी करून, लहान करून, नव्या जागी बसवतात. बसवलेल्या त्या कातडीला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस ती खालून झिरपणाऱ्या द्रवावर तगते, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्याशी जुळू लागतात आणि आठवड्याभरात तिला धर येतो. त्या काळात ती दाबली गेली किंवा जागची सरकली तर ते जुळणं तुटतं. म्हणून वर बोळे बांधून ठेवलेत आणि म्हणून उताणं झोपायचं. नुसतं ‘पालथं झोपू नका’ म्हटलं की ती शिक्षा वाटते. कारण कळलं तेव्हा दादा स्वतःच काळजी घेऊ लागला.

पाठ सपाट टेकायची नाही, ३० ते ४५ अंश वर हवी. सूज उतरायला मदत होते, श्वास मोकळा राहतो आणि उठताना अंतर कमी राहतं. बाजारात उतरत्या फोमची उशी मिळते, पण ज्या घरात लोड-तक्के आहेत त्यांनी तिच्यावर पैसे घालायची गरज नाही. भिंतीला दोन लोड, त्यांच्यापुढे तक्क्या तिरका, आणि कमरेपाशी जी पोकळी राहते तिथे दुमडलेली गोधडी. सावरीच्या उशा खाली घालायच्या नाहीत. मध्यरात्रीपर्यंत त्या दबतात आणि माणूस वाकडा होतो. डोक्याखाली मात्र एकच पातळ उशी, मानेला टॉवेलची वळकटी.

मग हात. इथे बरेच जण चुकतात. हात नुसते बाजूला पडून राहिले की खांद्याचं वजन टाक्यांना ओढत राहतं. प्रत्येक कोपराखाली एक उशी हवी, म्हणजे हात अंगाजवळ राहूनही तोलले जातात. ऑपरेशननंतर छातीवर घालायच्या घट्ट व्हेस्टची कड काखेत काचते, तिथे जुनेराची मऊ घडी. गुडघ्यांखाली गुंडाळलेली चौघडी. ती नसली तर माणूस रात्रभर पायथ्याकडे घसरतो आणि वर सरकायला हातांवर जोर देतो, जो अजिबात द्यायचा नाही. दोन्ही अंगांना लोड लावते, झोपेत कूस वळू नये म्हणून. बल्ब कापडी पिशवीत घालून व्हेस्टला पिनेनं अडकवते, नळी पाठीखाली दबत नाही ना ते हात फिरवून बघते.

शेवटी खांद्याच्या वर हात न्यावा लागेल असं आसपास काही उरलंय का, ते तपासते. पंख्याचं बटण उंचावर आहे, ते माझ्याकडे. मच्छरदाणी मी खोचते. नळी घातलेली पाण्याची बाटली, रुमाल आणि फोन मांडीच्या रेषेत.

१०.३०
झोपायच्या आधी गोळी. दुखेपर्यंत थांबायचं आणि मग घ्यायची ही सहनशीलता या दिवसांत कामाची नाही. वेदना एकदा चढली की तिला उतरवायला जास्त वेळ लागतो. मात्र मोजून. पॅरासिटॅमॉल मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि ट्रॅमॅडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत ते आधीच मिसळलेलं असतं, म्हणून पाकीट वाचून वहीत लिहिते.

“सिस्टर, झोपेत कुशीवर वळलो तर?”

“वळायच्या आधी ओढ लागून जाग येईल, दादा. आणि मी इथेच आहे.”

१.१५
लघवीला जाग. या वेळी घरची माणसं प्रेमानं हात पुढे करतात आणि दंड धरून ओढून उठवतात. ते करू नका. छातीचा स्नायू दंडालाच जोडलेला असतो, ओढ थेट जखमेवर बसते. मी एक हात त्याच्या पाठीला, खांद्यांच्या मधोमध लावते. तो आधी पाय पलंगाखाली सोडतो आणि पोट-मांड्यांच्या बळावर पुढे येतो. मिनिटभर बसून राहायचं, चक्कर नाही ना ते बघायचं, मग उभं राहायचं. परत येताना खोलीत दोन फेऱ्या मारायला लावते, कारण सतत पडून राहिल्यानं पायांत रक्ताच्या गाठी व्हायची भीती असते. पोटरी दुखली किंवा दम लागला तर मला लगेच सांग, हे रोज बजावते.

३.००
खाज. टाक्यांभोवती मुंग्या, मध्येच विजेचा झटका बसल्यासारखी कळ. कापल्या गेलेल्या नसा सावरताना हे होतं आणि कित्येक महिने अधूनमधून होत राहतं. खाजवायचं नाही. बर्फही लावायचा नाही, गरम पिशवीही नाही. छातीची कातडी सध्या बधिर आहे, भाजलं तरी कळणार नाही. मी पंखा वाढवते, पाठीवर व्हेस्टच्या वरून तळहात फिरवते. जिथे कळतं तिथे स्पर्श दिला की जिथे कळत नाही तिथली बेचैनी जरा निवते.

झोप उडालीच आहे तर तो बोलतो. मायकेल डिलनबद्दल त्यानंच मला सांगितलं. हा इंग्रज माणूस दुसऱ्या महायुद्धात ब्रिस्टलच्या एका गॅरेजमध्ये काम करायचा आणि बॉम्बहल्ल्यांच्या रात्री आगीवर नजर ठेवत जागायचा. १९४२ साली त्याच्या छातीचं हेच ऑपरेशन झालं. पुढे तो डब्लिनला शिकून डॉक्टर झाला, जहाजांवर नोकरी केली. १९५८ मध्ये वर्तमानपत्रांनी त्याचं गुपित फोडलं तेव्हा तो भारतात आला, बौद्ध झाला आणि १९६२ मध्ये डलहौसीला वारला. दादाला त्या माणसाविषयी एकच प्रश्न पडतो. त्याच्या उशाशी तेव्हा कोण बसलं असेल? मला ते ठाऊक नाही, पण प्रश्न योग्य आहे. असल्या ऑपरेशनांच्या गोष्टींत सर्जनचं नाव असतं, उशी सरळ करणाऱ्याचं नसतं.

थोड्या वेळानं तो रडतो. का, ते त्यालाही सांगता येत नाही. इतकी वर्षं हवं होतं ते झालंय आणि तरी रडू येतंय, म्हणून आणखी घाबरतो. भूल, दुखणं, तुटलेली झोप, परक्याच्या हातून अंग पुसून घेणं, यानंतर मन उदास होणं मी कितीतरी ऑपरेशनांनंतर पाहिलंय. याचा अर्थ निर्णय चुकला असा नसतो, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगते. मग गप्प बसते आणि हात धरून ठेवते.

४.३०
तो झोपलाय. आई उठून स्वयंपाकघरात चहा ठेवतात आणि दबक्या आवाजात विचारतात, “हे करायलाच हवं होतं का हो? कागदावर पुरुष लिहून घेण्यासाठी?”

ओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या नालसा निकालात म्हटलंय. तेवढं मला माहीत आहे आणि तेच मी सांगते. त्यानं हे कागदासाठी नाही केलं, स्वतःच्या अंगात राहता यावं म्हणून केलं. आई काही बोलत नाहीत. आलं जरा जास्त पडलेला चहा आम्ही दोघी पितो.

५.३०
वॉर्डात काम करायचे तेव्हा या वेळेला सगळ्यांना उठवून ताप-नाडी घ्यायची पद्धत होती. घरी मी ते करत नाही. श्वास संथ आहे, चेहऱ्याचा रंग ठीक आहे, व्हेस्ट कोरडा आहे, बल्ब निम्म्याहून कमी भरलाय. एवढं लांबून दिसतं. पहाटेची ही सलग झोप जखम भरायला लागते आणि ती वहीतल्या रकान्यासाठी मोडणं मला पटत नाही. दुधवाला बेल वाजवतो म्हणून दाराबाहेर आधीच पातेलं ठेवलेलं असतं.

७.००
जाग. ड्रेन रिकामे करून मोजणं, ताप बघणं. ३८ सेल्सिअसच्या वर गेला तर सर्जनना फोन. अंग ओल्या फडक्यानं पुसते. व्हेस्ट बदलायला सर्जननी परवानगी दिलीय, पण पावसाळ्यात धुतलेला व्हेस्ट दिवसभरात वाळत नाही, आणि दमट व्हेस्ट घातला की काखेत पुरळ उठलंच. दोन आहेत. एक अंगात, एक पंख्याखाली. परवडलं तर तिसरा घ्यावा, असं मी आईंना कालच सांगितलंय.

दादा विचारतो, कुशीवर कधी? सर्जन सांगतील तेव्हा. बहुतेकांना तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान परवानगी मिळते, पालथं झोपायला त्याहून उशीर. तो मान डोलावतो आणि म्हणतो की उताणं आता तितकं उघडं-उघडं वाटत नाही.

७.४५
निघायच्या आधी आईंना पलंगापाशी उभं करते. “दंड धरायचा नाही. तळहात इथे, खांद्यांच्या मधे. तो उठेल, तुम्ही फक्त टेकू द्यायचा.” त्या एकदा करून बघतात. हात थोडा खाली जातो, मी वर सरकवते, दुसऱ्यांदा जमतं. दुपारी त्याला आरामखुर्चीत बसवा, हातांखाली उशा विसरू नका, आणि पेपर टेप संपत आलीय, येताना मेडिकलमधून मी आणते, एवढं सांगून कल्याणची गाडी गाठायला निघते.